काळा पोशाख, फिकट डोळे: एका जुन्या कॅबिनेट कार्डवरची तरुणी

तुमचे प्रश्न असे आहेत. जुन्या अल्बममध्ये मिळालेला हा फोटो नेमका कोणत्या सालचा? तरुणीने काळा पोशाख घातला आहे, म्हणजे ती शोक पाळत होती का? डोळे इतके पांढुरके आणि चेहरा इतका निश्चल आहे, म्हणून अल्बम विकणाऱ्याने सांगितलं तसा हा मृत्यूनंतर काढलेला फोटो आहे का? ती कोण हे कळू शकेल का? आणि शेवटी, पिवळेपणा काढता येईल का, आणि सॉफ्टवेअरने रंग भरावेत का?

दोन उत्तरं आधीच देऊन टाकतो. ती जिवंत आहे. आणि पिवळेपणा काढायच्या फंदात कृपा करून पडू नका.

जुन्या छायाचित्रांच्या जतनाचं काम करताना मला हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो की लोक आधी चेहरा बघतात आणि त्यावरून गोष्ट रचतात. मागची बाजू, पुठ्ठा, कागद यांच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. आपण ज्याला त्या मुलीचं दुःख, करारीपणा किंवा गूढपणा समजतो, त्यातलं बरंचसं काचेवरच्या रसायनाने आणि स्टुडिओतल्या माणसाने घडवलेलं असतं. ते बाजूला काढल्यावर जे उरतं ते तिचं. ते थोडं असेल, पण खरं असेल.

डोळ्यांपासून सुरुवात करतो, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू झाला आहे. त्या काळच्या प्लेटा, म्हणजे ज्यांवर चित्र उमटायचं त्या रसायन लावलेल्या काचा, आपल्या डोळ्यांसारखं बघत नव्हत्या. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेली कोलोडियन या चिकट द्रवाची ओली प्लेट असो किंवा पुढे आलेली जिलेटिनची कोरडी प्लेट, दोन्हींवर परिणाम व्हायचा तो निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाचा. हिरव्याचा फारच थोडा, आणि लालचा जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळी वस्तू प्रिंटमध्ये पांढरी उतरते आणि लाल वस्तू काळी. निळ्या किंवा करड्या डोळ्यांच्या माणसाची बुबुळं या प्लेटवर इतकी फिकट येतात की मधली काळी बाहुली तेवढी टोचल्यासारखी दिसते. तुमच्या फोटोत नेमकं तेच झालं आहे. तिचे डोळे निळसर होते, एवढाच त्याचा अर्थ. याच कारणाने सोनेरी केस प्रत्यक्षापेक्षा गडद दिसतात, सोन्याचा दागिना काळपट येतो, ओठ गडद होतात, आणि प्रत्यक्षात जेमतेम दिसणारे गालावरचे वांग उठून दिसतात.

हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाला १८७३ साली आढळलं की प्लेटमध्ये ठरावीक रंगद्रव्यं मिसळली तर ती हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही दाद देते. अशा प्लेटा १८८० च्या दशकात बाजारात आल्या. पण सगळ्या स्टुडिओंनी त्या लगेच उचलल्या नाहीत, आणि लाल रंग त्यांनाही दिसत नव्हताच. सगळे रंग पकडणारी प्लेट दुकानात मिळू लागली ती १९०६ च्या सुमारास. म्हणजे तुमचा फोटो ज्या काळातला आहे, त्या काळात लाल पोशाख घालून बसलेली मुलगी फोटोत काळ्या पोशाखातच दिसणार.

आता शोकाचा प्रश्न. लाल, मरून, तपकिरी, गर्द हिरवा हे सगळे रंग या प्लेटवर काळ्याच्या आसपास जातात, त्यामुळे फोटोतल्या काळ्यावरून पोशाखाचा रंग सांगता येत नाही. शिवाय काळं रेशीम हा त्या काळी चांगल्यातला, वर्षानुवर्षं पुरणारा पोशाख होता. फोटो काढायला जाताना तो घालण्यासाठी घरात कुणी दगावण्याची गरज नव्हती. युरोप-अमेरिकेत कडक शोकाचा पोशाख ओळखायचा तो रंगापेक्षा पोतावरून. शोकाचं कापड म्हणजे क्रेप, चुरगळल्यासारखं आणि मुद्दाम निस्तेज ठेवलेलं. त्यावर उजेड चमकत नाही. तुमच्या स्कॅनमध्ये बाहीच्या चुण्यांवर स्पष्ट पांढऱ्या रेघा उठल्या आहेत. ते चमकणारं कापड आहे, रेशीम किंवा सॅटिन. तेव्हा निदान ताज्या शोकाचा हा पोशाख नाही.

याची दुसरी बाजू फार कुणाच्या लक्षात येत नाही. शोकाचा पहिला काळ संपला की बायका फिकट जांभळा, लव्हेंडर अशा रंगांवर यायच्या. हे रंग निळ्याकडे झुकणारे, म्हणून फोटोत ते जवळजवळ पांढरे येतात. त्यामुळे अल्बममधली पांढऱ्या पोशाखातली प्रसन्न मुलगी शोक पाळत असू शकते, आणि काळ्या पोशाखातली गंभीर मुलगी कुणाच्या लग्नाला निघालेली असू शकते.

मृत्यूनंतरच्या फोटोबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या एका समजुतीपायी असंख्य जिवंत माणसांच्या फोटोंवर ‘मृत’ असं लेबल लागून ते जास्त किमतीला विकले जात आहेत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. एखाद्या मुलीने स्टुडिओत जाऊन, केस नीट बसवून, श्वास रोखून फोटो काढून घ्यावा, आणि शंभर वर्षांनी तिला मेलेली ठरवून विकावं, हा तिच्यावर अन्याय आहे.

मृत्यूनंतर फोटो काढण्याची प्रथा खरीच होती. लहान मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांकडे असलेला तो एकुलता एक फोटो असे. पण ते फोटो बघितले की लपवाछपवी दिसत नाही. मूल पलंगावर, आईच्या मांडीवर किंवा पेटीत निजलेलं असतं, डोळे बहुधा मिटलेले, भोवती फुलं. मृत व्यक्तीला उभं करून, डोळे उघडे ठेवून जिवंत भासवण्याचा सर्रास धंदा चालायचा, ही अलीकडे पसरलेली कथा आहे. तिचा मुख्य आधार म्हणजे पायांमागे दिसणारा लोखंडी स्टँड. हा स्टँड जिवंत माणसासाठीच होता. डोकं हलू नये म्हणून त्याचा चिमटा मानेमागे हलका टेकवायचे. माणूस स्वतःच्या पायावर उभा असायचा आणि स्टँड त्याला फक्त स्थिर राहायची जागा दाखवायचा. निर्जीव शरीराचं वजन पेलणं त्याच्या आवाक्यातच नव्हतं. खरं तर स्टँड दिसला तर माणूस जिवंत होता असाच तर्क करावा, कारण हलण्याची भीती जिवंत माणसाचीच असते.

तुमच्या फोटोत अजून एक खूण आहे. दहापट भिंग घेऊन तिचे डोळे बघा. दोन्ही बुबुळांवर, वरच्या डाव्या बाजूला, एकेक छोटा पांढरा ठिपका आहे. तो स्टुडिओच्या काचेच्या छपराचं किंवा उंच खिडकीचं प्रतिबिंब आहे. जिवंत डोळा ओला असतो, म्हणून ते इतकं नेमकं उमटतं. मृत्यूनंतर डोळ्याचा पृष्ठभाग लवकरच कोरडा आणि धूसर होतो. रिटच करणारे, म्हणजे फोटोवर हाताने दुरुस्ती करणारे, कधीकधी असे ठिपके हाताने भरायचे हे खरं, पण हाताने भरलेला ठिपका सहसा गोल आणि दोन्ही डोळ्यांत अगदी एकसारखा असतो. इथे उजव्या डोळ्यातला ठिपका किंचित लांबट आहे आणि त्याची एक कड सरळ आहे. ती खिडकीची कड आहे.

मग ती हसत का नाही? दात खराब असायचे म्हणून, किंवा एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू देण्याचा वेळ, फार लांब असायचं म्हणून, ही दोन उत्तरं सगळीकडे मिळतात. पहिल्यात फारसा अर्थ नाही, ओठ मिटूनही हसता येतं. दुसरं ओल्या प्लेटच्या काळापुरतं काही अंशी खरं आहे. तेव्हा चांगल्या उजेडातही काही सेकंद स्थिर बसावं लागे, ढगाळ दिवशी त्याहून जास्त. पण रिचर्ड लीच मॅडॉक्सने १८७१ साली सुचवलेली जिलेटिनची कोरडी प्लेट १८७८ नंतर कारखान्यात तयार होऊन विकली जाऊ लागली आणि काही वर्षांतच तिने ओल्या प्लेटला बाजूला सारलं. ती कितीतरी पट वेगवान होती. त्या प्लेटवर एक-दोन सेकंदांत किंवा त्याहूनही कमी वेळात काम होई. तेवढा वेळ हसू टिकतं. तरीही लोक हसले नाहीत, कारण फोटो म्हणजे व्यक्तिचित्र, आणि व्यक्तिचित्रात कसं दिसायचं हे तैलचित्रांनी फार आधी ठरवून ठेवलं होतं. फोटो आयुष्यात एकदा किंवा फार तर दोन-चारदा निघायचा. त्यात आपण कायम कसे दिसू याचा विचार करून माणूस बसायचा.

शिवाय चेहऱ्यावरचा भाव एकट्या बसणाऱ्याचा नसायचाच. न्यू यॉर्कचा छायाचित्रकार नेपोलियन सॅरोनी याने १८८२ साली ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले. त्यातला एक एका छपाई कंपनीने परवानगीशिवाय छापला आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. फोटो ही निव्वळ यंत्राची नक्कल आहे, तिला लेखक कसला, असा कंपनीचा दावा होता. १८८४ साली न्यायालयाने तो फेटाळला. बैठक, पोशाख, पडदे, उजेड-सावली यांची मांडणी छायाचित्रकाराने केली आणि हवा तो भाव चेहऱ्यावर आणवला, म्हणून ही त्याची निर्मिती आहे, असा निकालाचा आशय. तुमच्या फोटोतली मान किंचित वळलेली आहे, नजर कॅमेऱ्याच्या बाजूने पुढे गेलेली आहे, उजेड एका गालावर आहे. हे सगळं कुणीतरी तिला सांगितलं आहे. त्यावरून ती विचारी स्वभावाची होती असा निष्कर्ष काढायला आपण मोकळे नाही.

आता गाल बघा. वीस-बावीस वर्षांच्या मुलीचीही त्वचा इतकी एकसंध नसते. भिंगाखाली डोळ्यांच्या खाली आणि नाकाच्या कडेला अगदी बारीक, स्वल्पविरामासारख्या फिकट रेघांचं जाळं दिसेल. ही निगेटिव्हवर पेन्सिलीने केलेली कारागिरी आहे. काचेच्या निगेटिव्हवर आधी वॉर्निश किंवा पेन्सिल धरणारा लेप द्यायचे, मग ती उजेडासमोर उतरत्या चौकटीत ठेवून, टोक सुईसारखं केलेल्या पेन्सिलीने एकेक डाग भरून काढायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागली तिथे प्रिंटमध्ये उजळ होतं. म्हणून वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या सगळं नाहीसं होई. प्लेटच्या निळ्या नजरेमुळे गालावरचे लालसर डाग जास्तच काळे यायचे, त्यामुळे ही दुरुस्ती थोडीफार गरजेचीही होती. पण ती गरजेपाशी थांबली नाही. कंबरेची कड चाकूने खरवडून निगेटिव्हवरच कंबर बारीक केलेले फोटो आहेत. कंबरेजवळची पार्श्वभूमी विनाकारण डागाळलेली दिसली तर तो हात ओळखावा. तुमचा फोटो छातीपर्यंतच आहे, तेव्हा इथे तो प्रश्न नाही.

सालाकडे येतो. तुम्ही दिलेली मापं साधारण १०८ बाय १६५ मिलिमीटर. हे कॅबिनेट कार्ड, म्हणजे या ठरावीक मापाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला स्टुडिओतला फोटो. त्याच्या आधीचा छोटा प्रकार म्हणजे कार्ट द व्हिझिट, साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरचा. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने १८५४ साली त्याचं पेटंट घेतलं. एकाच प्लेटवर अनेक छोटे फोटो घेऊन खर्च उतरवायचा ही त्याची युक्ती, आणि तिच्यामुळेच सामान्य घरांत फोटोचे अल्बम आले. कॅबिनेट कार्ड १८६६ च्या सुमारास लंडनमधून पुढे आलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. नुसत्या मापावरून म्हणून साल ठरत नाही, चाळीस वर्षांचा पट्टा तेवढा मिळतो.

पुठ्ठा तो पट्टा आवळतो. सुरुवातीची कार्डं पातळ, फिकट आणि चौकोनी कोपऱ्यांची. पुढे कोपरे गोल झाले, पुठ्ठा जाड झाला. तुमच्यासारखा गर्द हिरवा पुठ्ठा आणि उतरती सोनेरी कड ही १८८० च्या दशकातली आणि १८९० च्या सुरुवातीची आवड आहे. मागच्या बाजूची गर्दी, म्हणजे सूर्य, चित्रकाराची रंगपाटी, बांबूची पानं, हीदेखील त्याच वेळची. पुढे १८९० च्या दशकात हा सोस ओसरत गेला, मागची बाजू कोरी राहू लागली आणि स्टुडिओचं नाव पुढे उठावाने दाबलेलं येऊ लागलं.

त्या गर्दीत दोन कामाच्या गोष्टी आहेत. पहिली, प्रदर्शनात मिळालेली पदकं. तुम्ही लिहिलंय की एका पदकावर १८८६ वाचता येतं. म्हणजे पुठ्ठा त्याआधी छापलेला असूच शकत नाही. नंतरचा कितीही असू शकतो, कारण स्टुडिओ छापलेला साठा संपेपर्यंत वापरायचे. दुसरी, अगदी खालच्या कडेला डोळे फोडून वाचावी लागणारी छपाई करणाऱ्याची ओळ. असे पुठ्ठे अनेकदा स्टुडिओच्या गावात छापलेलेच नसत. व्हिएन्नाचा बेर्नहार्ड वाख्टल, पॅरिसची मारियों अशी नावं दूरदूरच्या देशांतल्या कार्डांवर सापडतात. तेव्हा त्या ओळीत व्हिएन्ना दिसलं म्हणून मुलगी ऑस्ट्रियाची समजू नका. स्टुडिओचा पत्ता वेगळा, छापखान्याचा वेगळा.

आणि मग बाही. तरुणीचा फोटो असला की मला बरं वाटतं, कारण वयस्क बायका आपल्या तरुणपणीची फॅशन पुढे नेत राहतात, तरुण मुलगी सहसा चालू वर्षाची बाही घालते. तुमच्या फोटोत बाही बाकी घट्ट आहे आणि खांद्यावर मात्र तिचा छोटा उभा फुगा आहे. युरोप-अमेरिकेच्या फॅशनमध्ये हा फुगा १८८९ च्या आसपास दिसायला लागतो, वर्षागणिक वाढत जातो, १८९३ नंतर दंडापर्यंत फुगतो आणि १८९५-९६ मध्ये इतका मोठा होतो की फोटोच्या चौकटीत मावेना. १८९७ पासून तो पुन्हा आक्रसतो आणि खांद्यावर छोटासा राहतो. म्हणजे छोटा फुगा दोनदा येऊन जातो, चढताना आणि उतरताना. फरक असा की चढतानाचा फुगा वर टोकदार उभा राहतो आणि उतरतानाचा खांद्यावर गोळ्यासारखा बसतो. तुमचा उभा आहे. कपाळावरचे कुरळे बारीक केस आणि उंच, ताठ गळपट्टीही त्याला जुळते.

या सगळ्यावर कागदाची साक्ष काढायची. भिंगाखाली तुम्हाला कागदाचे धागे दिसतात का बघा. दिसत असतील, आणि वर अगदी बारीक तड्यांचं जाळं व हलकी चकाकी असेल, तर हा अल्ब्युमेन प्रिंट. ब्लाँकार-एव्हरार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० साली ही पद्धत जाहीर केली. अंड्याच्या पांढऱ्यात मीठ घालून ते घुसळायचं, निवू द्यायचं, त्यावर पातळ कागद तरंगवून वाळवायचा. मग तो सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवला की प्रकाशाला संवेदनशील होई. निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवला की चित्र डोळ्यांदेखत उमटे, मग सोन्याच्या क्षाराने टोन करायचं, म्हणजे छटा बदलायची, हायपो या रसायनाने पक्कं करायचं, धुऊन खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायचं. त्यासाठीचा मूळ कागद जवळजवळ सगळ्या जगाला फ्रान्समधलं रीव आणि आजच्या बेल्जियममधल्या माल्मेडीचं स्टाइनबाख या दोनच गिरण्या पुरवत होत्या. ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात १८८८ साली एका वर्षात साठ लाखांहून जास्त अंडी या कामी लागली होती.

धागे दिसत नसतील आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर कागद आणि चित्र यांच्यामध्ये बरायटाचा, म्हणजे बेरियम सल्फेटचा, पांढरा थर आहे. मग तो जिलेटिन किंवा कोलोडियनचा प्रिंट, जो १८८० च्या दशकाच्या मध्यानंतर येऊ लागला आणि १८९५ च्या सुमारास अल्ब्युमेनला मागे टाकून गेला. कडांना निळसर धातूसारखी चकाकी ही जिलेटिनची खूण. तुमच्या स्कॅनमध्ये उजळ भाग पिवळे आणि सावल्या जांभळट तपकिरी आहेत, म्हणून माझा कल अल्ब्युमेनकडे आहे.

सगळं एकत्र ठेवलं तर माझं उत्तर १८८९ ते १८९२. एवढ्यावर मी ठाम राहीन. यातलं एक साल सांगा म्हणाल तर सांगणार नाही, कारण तसं सांगायला पुरावा नाही. फक्त एक शक्यता तपासून बघा: हा जुन्या फोटोवरून नंतर काढलेला फोटो तर नाही ना. तशा प्रतीत काळे-पांढरे भाग मऊ आणि एकमेकांत मिसळलेले असतात, आणि कधी मूळ फोटोच्या कडा किंवा टाचण्यांच्या सावल्या आत दिसतात. कागद अलीकडचा असल्याचा संशय असेल तर अंधारात अतिनील दिवा धरा. साधारण १९५० नंतरच्या कागदांत उजळपणासाठी घातलेली द्रव्यं निळी-पांढरी चमकतात. जुना कागद तसा चमकत नाही.

ती कोण, या प्रश्नावर घाई करू नका. अल्बममधला प्रत्येक चेहरा त्या घरातला असतो असं नाही. नट्यांचे, राजघराण्यातल्या स्त्रियांचे, लिली लँगट्रीसारख्या गाजलेल्या सौंदर्यवतींचे फोटो दुकानांत विकले जात आणि लोक ते घरच्यांच्या फोटोंशेजारी अल्बममध्ये लावत. अशा विक्रीच्या कार्डावर बहुधा खाली नाव छापलेलं असतं किंवा स्वामित्वहक्काची नोंद असते. तुमच्या कार्डावर तसं काही नाही, उलट मागे शाईने लिहिलेला आकडा आहे. हा निगेटिव्हचा क्रमांक. गिऱ्हाईक पुन्हा प्रती मागायला आलं तर काच शोधता यावी म्हणून तो लिहीत. त्याच स्टुडिओची, मागे तारीख लिहिलेली इतर कार्डं संग्रहालयांच्या ऑनलाइन संग्रहांत शोधा. लहान क्रमांकाचं एक आणि मोठ्या क्रमांकाचं एक तारखेसकट मिळालं, की मधलं तुमचं साल बाहीपेक्षा नेमकं ठरेल. स्टुडिओ ब्रिटनमधला असेल आणि फोटो विक्रीसाठी काढलेला असेल, तर स्वामित्वहक्काच्या १८६२ च्या कायद्याखाली झालेल्या नोंदींचे अर्ज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांना फोटो जोडलेले आहेत. घरगुती फोटोची नोंद तिथे मिळण्याची आशा ठेवू नका.

पिवळेपणा हा वर बसलेला मळ नाही. अंड्यातलं प्रथिन आणि त्यात अडकलेली चांदी दमट हवेत हळूहळू बदलत जातात, आणि थरच पिवळा होतो. तो पुसून निघत नाही. ओला कापूस फिरवला तर अल्ब्युमेनचा थर फुगतो आणि वाळताना आणखी तडकतो. रबर, ब्रेड, थुंकी, बटाटा, इंटरनेटवर सुचवलेलं जे जे असेल ते सगळं दूर ठेवा. फार तर मऊ, कोऱ्या ब्रशने वरची सुटी धूळ मधून कडेकडे झटका, तीही चित्र कुठे सुटत नसेल तरच. फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका. अल्ब्युमेनचा कागद इतका पातळ असतो की सुटा झाला की गुंडाळीच होतो, आणि पुठ्ठ्यासोबत निम्मा पुरावाही जातो. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, चिकट पानांचा अल्बम तर मुळीच नको.

ठेवायचा तो आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात किंवा साध्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, पीव्हीसीच्या नाही. जुना पुठ्ठा ठिसूळ असतो, म्हणून मागे एक ताठ आम्लमुक्त पुठ्ठा द्या आणि उचलताना दोन्ही हातांनी उचला. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के राहिली तर उत्तम, पण आकड्यापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा. रोज दमट-कोरडं होत राहिलं की थर आणि कागद वेगवेगळे ताणतात, ते तडे त्यातूनच येतात. भिंतीवर लावायचाच असेल तर प्रत लावा. संग्रहालयंसुद्धा असे प्रिंट ५० लक्सच्या मंद उजेडात आणि थोड्या काळापुरतेच मांडतात.

स्कॅन एकदाच आणि नीट करा. रंगीत मोडमध्ये, ६०० किंवा त्याहून जास्त पीपीआयवर (दर इंचाला पिक्सेल), टिफ फाइल, पुढची बाजू आणि मागची बाजू, पुठ्ठ्याच्या चारही कडा दिसतील असा. पुठ्ठा वाकलेला असेल तर झाकण दाबू नका, कॅमेऱ्याने फोटो घ्या. पिवळेपणा घालवायची हौस त्या फाइलच्या प्रतीवर भागवा, तिथे काहीच बिघडत नाही.

सॉफ्टवेअरने रंग भरण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. माझा सल्ला, भरू नका, आणि भरलेच तर ती फाइल मूळ फाइलपासून वेगळी ठेवून नावातच तसं लिहा. ही सॉफ्टवेअर करड्या छटेवरून रंगाचा अंदाज करतात, आणि तो अंदाज प्लेटने सगळे रंग बरोबर तोलले आहेत असं धरून केलेला असतो. तुमच्या प्लेटने तसं केलेलं नाही. तिचे केस असतील त्यापेक्षा गडद रंगतील, कदाचित लाल असलेला पोशाख काळाच राहील, आणि एकदा रंगीत चित्र घरात फिरलं की पुढच्या पिढीला तेच खरं वाटेल.

एक काम मात्र आजच करता येईल. मागे उजव्या कोपऱ्यात पुसट पेन्सिलीसारखं काही दिसतंय असं तुम्ही लिहिलंय, पण स्कॅनमध्ये ते उमटलेलं नाही. स्कॅनरचा उजेड त्याला उपयोगाचा नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च पुठ्ठ्याच्या अगदी पातळीला, कडेवरून आडवी धरा आणि कॅमेरा बरोबर वरून ठेवून फोटो घ्या. मग टॉर्च दुसऱ्या बाजूने धरून आणखी एक घ्या. पेन्सिलीचं शिसं पुसलं गेलं तरी टोकाने पुठ्ठ्यावर पडलेली खाच राहते आणि आडव्या उजेडात तिची सावली पडते. अक्षरं लागली तर त्यावरून नाव मिळेल, आणि नाव नाही तरी निदान प्रतींच्या मागणीची नोंद मिळेल. ते दोन्ही फोटो मोठ्या आकारात मला पाठवा.